सरकाताईचं ‘आम्ही’

डेपोत तिला सगळे सरकाताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं, बाहेर कुणाला त्याची गरज पडली नव्हती. दिवसभर बसमध्ये तिचा एकच घोष चाले. “पुढे सरका! आत मैदान मोकळं आहे आणि सगळे दारात काय लोंबकळताय? ओ पिशवीवाले, पिशवी मांडीवर घ्या, तिचं तिकीट काढलंय का? सरका, सरका, सरका!” यातलं पहिलं ‘सरका’ हुकमाचं, दुसरं विनवणीचं आणि तिसरं चक्क सुरात. मागच्या सीटवरची शाळेतली पोरं तिची नक्कल करत, आणि ती मागे वळूनही न बघता म्हणे, “तिसरं चुकलं. ते लांब ओढायचं. पुन्हा कर.”

तिचा नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. त्याचं नाव हळूभाऊ, कारण गाडीसमोर कुणीही आडवं आलं तरी त्याच्या तोंडून शिवी निघत नसे. “हळू, भाऊ, हळू,” एवढंच. मांजर आडवी गेली तरी ‘हळू, भाऊ’. डेपो बायकोला सरकाताई म्हणतो, तर याने त्यात एक ‘र’ घातला आणि नाव घरी नेलं. “सरकार, मोजे कुठे आहेत?”

“सरकार आज संपावर आहे,” आतून उत्तर येई. “आणि मोजे तुझ्या पायात आहेत.”

या हळूभाऊला बोलण्याची एक खोड होती. त्याला ‘मी’ म्हणताच येत नसे. म्हणजे येत होतं, पण ‘मी’ म्हटलं की आपण छाती पुढे काढून उभे आहोत असं त्याला वाटे. म्हणून तो स्वतःलाही ‘आपण’च म्हणायचा. “आपल्याला हा रंग आवडत नाही.” “आपण काल झोपलोच नाही.” पोरं नाक्यावर रुबाबात ‘आपण कुणाला घाबरत नाय’ म्हणतात, तसलं हे नव्हे. याचं ‘आपण’ म्हणजे दाराआडून डोकावल्यासारखं.

आणि या खोडीनेच तर लग्न जमलं. सरकाताई तेव्हा नवी होती, गणवेशाची इस्त्री अजून मोडली नव्हती. याच्या गाडीवरचा तिचा पहिलाच दिवस. गाडी डेपोत लागली, हळूभाऊ खाली उतरला आणि हवेत बोलल्यासारखं म्हणाला, “आपण चाललो चहाला.”

तिला वाटलं, बोलावतोय. किती सहज बोलावतोय! ती खांद्यावरची बॅग सावरत त्याच्या मागोमाग निघाली. तो कॅन्टीनमध्ये बसला, ती समोर बसली. त्याने तिच्याकडे बघितलं, मग कॅन्टीनवाल्याकडे बघितलं आणि कान लाल करून दोन बोटं वर केली. पुढे कित्येक वर्षांनी, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, त्याने एकदा भाजी निवडता निवडता कबूल केलं, “त्या दिवशी आपण एकटेच चाललो होतो खरं म्हणजे.”

“काय?” तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“म्हणजे तुला बोलावलं नव्हतं. तू आलीस.”

ती इतकी हसली, इतकी हसली, की शेजारीण विचारायला आली. पण रात्री दिवा मालवताना तिने त्याला बजावलं, “हे तुझ्या आईला सांगायचं नाही.”

कारण आईसाहेब. सासूबाईंचा नवरा ड्रायव्हर, सासरे ड्रायव्हर, मुलगा ड्रायव्हर. घरात भिंतीवर देवाशेजारी काय असेल तर स्टिअरिंगवर हात ठेवलेल्या माणसाचा फोटो. त्या सुनेशी थेट बोलत नसत, घड्याळाला सांगत. घड्याळाकडे बघून म्हणत, “आमच्याकडे भाजी इतकी जाड चिरत नाहीत.” “आमच्याकडे पाहुण्यांसमोर असं खिदळत नाहीत.” बिचारं घड्याळ ऐकून घ्यायचं. सरकाताईला भाजीचं काही वाटत नसे, ती बारीक चिरायला लागली. तिला टोचायचं ते ‘आमच्याकडे’. त्याच घरात झोपायचं, त्याच घराचं पाणी भरायचं, आणि ‘आमच्याकडे’ म्हटलं की आपण उंबऱ्याबाहेर.

मग एकदा कोपऱ्यावरच्या काकू आल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, “तुमची सून दिवसभर पुरुषांच्या गर्दीत धक्के खात उभी असते म्हणे.” सासूबाईंनी काकूंना उत्तर दिलं, पण बघितलं दारात उभ्या असलेल्या सुनेकडे. “आपल्याकडे कामाची लाज नसते,” त्या म्हणाल्या. काकूंना काही कळलं नाही. सरकाताई मात्र आत गेली आणि घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासत बसली.

तेव्हापासून या दोन शब्दांसाठी तिचा कान फार तिखट झाला. बसमध्ये कोण कोणाचं, हे ती याच शब्दांवरून ओळखायची. दोघं चढली आणि मुलगा म्हणाला ‘आपण बाजारापाशी उतरायचं’, तर ठीक. पण मुलगी रुसून खिडकीबाहेर बघत ‘आम्ही उतरू आमचं आमचं’ म्हणाली, की सरकाताई तिकीट जरा हळूच फाडायची. भांडणाच्या मध्ये आवाज कशाला.

बस तिला सोडवत नव्हती ती याचसाठी. बसमध्ये ती कुणाची सून नव्हती, कुणाची बायको नव्हती. धक्के होते, घाम होता, पण त्या गर्दीत तिला जेवढं मोकळं वाटे तेवढं रिकाम्या घरातही वाटत नसे.

आणि नेमकी तीच जायची वेळ आली.

झालं असं, की नव्या गाड्या येणार होत्या. त्यांत पुढच्या दाराशी एक यंत्र. प्रवासी चढला की त्याने कार्ड टेकवायचं, यंत्र ‘टुंय’ करणार, संपलं. पैसे देणारा असलाच तर ड्रायव्हर बघेल. त्याबद्दल ड्रायव्हरना पगारवाढ. कंडक्टरना काय? साहेबांनी डेपोत येऊन समजावलं. साहेबांची बोलण्याची तऱ्हा अशी, की वाईट बातमीला ते आधी टाय बांधत. “कुणालाही काढण्यात येणार नाही. तत्त्वतः. फक्त कामाच्या स्वरूपात सुसंगत बदल करण्यात येईल.”

“सुसंगत म्हणजे कुठे?” मागून कुणीतरी विचारलं.

“खिडकीवर, भांडारात, साफसफाईत. तत्त्वतः.”

एका बाजूला ड्रायव्हरांची संघटना, दुसऱ्या बाजूला कंडक्टरांची. आजवर दोघांचं ऑफिस एकाच खोलीत होतं, मध्ये एक कपाट. आता कपाटाला आणखी एक कपाट चिकटलं. कॅन्टीनमध्ये टेबलं वेगळी झाली. काल एकमेकांच्या डब्यात हात घालणारे आज डब्याचं झाकण उभं करून जेवू लागले.

ड्रायव्हरांचा पुढारी म्हणजेराव. “म्हणजे बघा, म्हणजे विषय काय आहे, म्हणजे आपण नाही म्हटलं तर म्हणजे बाहेरून ड्रायव्हर आणतील, म्हणजे गेलो की नाही आपण, म्हणजे?” हे मात्र खरं होतं. शेजारच्या डेपोत तसं घडलं होतं. कंडक्टरांचा पुढारी सुट्टेमामा. सगळी नोकरी ‘सुट्टे द्या’ म्हणण्यात गेल्यामुळे तो माणसांशीही सुट्टंच बोलायचा. “तू. कुणाची?” असं त्याने एक दिवस सरकाताईला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं.

“म्हणजे काय, मामा?”

“कंडक्टर. की ड्रायव्हरची बायको?”

“दोन्ही.”

“दोन्ही चालत नाही आता. तुझ्या घरात एक गेलं तर एक येतंय. आमच्या घरात नुसतं जातंय.”

तिला त्या ‘आमच्या’चा असा चटका बसला, की चहा तसाच ठेवून ती उठली. संध्याकाळी नळावर ड्रायव्हरांच्या बायका भेटल्या, त्यांचं तिसरंच. “तुमचं काय बाई, तुम्ही त्या कंडक्टरांना आतल्या बातम्या देत असाल. आम्ही काही बोलायलाच नको तुमच्यासमोर.” झालं! इकडेही आमच्या, तिकडेही आम्ही. मध्ये ही, हातात बादली घेऊन.

त्यात म्हणजेरावाने कहर केला. ड्रायव्हरांचा निर्णय रविवारी सकाळी शेडमध्ये सगळ्यांसमोर वाचायचा ठरला. आधी वाचायचं, मग ड्रायव्हरांनी हात वर करायचे. कंडक्टर मागे बसून ऐकणार, त्यांना हात नाही. आणि वाचायला निवडलं कुणाला? हळूभाऊला. का, तर त्याच्यावर दोन्ही बाजूंचा कुणाचाच राग नव्हता.

“नाही म्हणालास का?” तिने विचारलं.

“आपल्याला नाही म्हणता येत नाही,” तो म्हणाला. हे खरं होतं.

शनिवारी दुपारी तो आरशासमोर उभा राहून सराव करू लागला. कागद म्हणजेरावाने लिहिलेला, तरी त्यात ‘म्हणजे’ एकदाही नव्हतं, त्याच्या बायकोने खोडली असणार. “आपल्याला चालकांना…” हळूभाऊने सुरुवात केली.

सरकाताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. “थांब. काय लिहिलंय?”

त्याने बघितलं. “आम्हा चालकांना.”

“मग तसं म्हण. समोर कंडक्टर बसलेले असणार. आपल्याला म्हणालास की तेही त्यात येतात. हसतील तुला.”

“आपण म्हणतो तसं,” तो म्हणाला आणि पुन्हा वाचायला लागला. “आपल्याला…”

“आम्हाला.”

“आम्हाला.” तो शब्द त्याच्या तोंडात नव्या चपलेसारखा चावत होता. “आम्हा चालकांना हा प्रस्ताव…”

“छान. पुढे.”

“…मान्य आहे.” तो आरशातून तिच्याकडे बघत राहिला. “सरकार, तुला काय वाटतं?”

“मला नको विचारू. मी समोरच्यांतली.” तिने घडी घातली, उलगडली, परत घातली. मग त्याचा चेहरा बघवेना म्हणून तिने साहेबांचा आवाज काढला. “आपल्या नवऱ्याला काढण्यात येणार नाही. तत्त्वतः. फक्त त्याच्या जेवणाच्या स्वरूपात सुसंगत बदल करण्यात येईल.”

तो हसला. हसता हसता पलंगावर बसला. “नाही म्हटलं तर बाहेरचे येतील गं. मग दोघंही घरी.”

“माहीत आहे.”

“हो म्हटलं तर तू खाली उतरणार गाडीवरून.”

“तेही माहीत आहे. वाच आता. आम्हा. ‘म्हा’वर जोर दे.”

बाहेरच्या खोलीतून सासूबाई घड्याळाला म्हणाल्या, “काही लोकांना स्वतःच्या पायावर धोंडा कसा पडतोय ते बघायची हौस असते.” पण आवाजात धार नव्हती.

रविवारी शेडमध्ये गाड्या मागे ढकलून जागा केली होती. पुढे ड्रायव्हर, मागे कंडक्टर, मधल्या जागेत तेलाचा एक काळा डाग, त्यावर कुणीच पाय ठेवत नव्हतं. हळूभाऊ लाकडी खोक्यावर चढला. गणवेशाच्या वरच्या गुंडीपर्यंत सगळं लावलेलं.

“आम्हा चालकांची,” तो म्हणाला. बरोबर. “आम्ही या डेपोत,” बरोबर. म्हणजेराव मान डोलवत होता. मागे सरकाताई ओठ हलवत होती. एखाद्या आईने स्नेहसंमेलनात पोराच्या कवितेबरोबर हलवावेत तसे. “आम्ही सर्व बाजूंनी विचार केला.” बरोबर. आता शेवटचं वाक्य. त्याने मान वर केली, गर्दीत त्याला ती दिसली, आणि कागदाकडे न बघता तो म्हणाला, “आपल्याला हा प्रस्ताव मान्य आहे.”

मग मागून सुट्टेमामा. “कुणाला?”

“आम्हाला, आम्हाला!” म्हणजेराव खालून फुसफुसला.

“नाही, त्याने आपल्याला म्हटलं! आम्हालाही धरलं! आम्ही कधी मान्य केलं?” मागचे सगळे उठले. पुढचेही वळले. कुणी हसतंय, कुणी ओरडतंय, एकजण उगाच ‘टुंय, टुंय’ करतोय.

“चुकून म्हणालो,” हळूभाऊ म्हणाला. “पुन्हा वाचतो. आ…” तोंड उघडं राहिलं. “आ…”

“अरे म्हण ना, म्हणजे! आम्हाला!”

“आपल्याला ते म्हणता येत नाही,” हळूभाऊ म्हणाला. हे कुणालाच धड कळलं नाही, की याला म्हणता येत नाही की कुणालाच म्हणता येऊ नये. त्यालाही कळलं नसावं. त्याने कागदाची घडी घातली. “ज्याला म्हणता येतं त्याने वाचा. घरी आपण असंच बोलतो.” आणि तो खोक्यावरून उतरला.

आता शेडमध्ये जी हसली ती माणसं वाईट नव्हती. प्रसंगच तसा होता. पण त्या हसण्यात कुणीतरी म्हणालं, “बायकोने पढवलंय!” आणि दुसरं म्हणालं, “ड्रायव्हर कसला, हा तर अर्धा कंडक्टर!” सरकाताईने बघितलं, की नवऱ्याचे कान लाल झालेत, त्या पहिल्या चहाच्या दिवशी झाले होते तसे, पण या वेळी दोन बोटं वर करून भागणार नव्हतं.

ती पुढे निघाली. तेलाच्या डागावरून सरळ. खोक्यावर चढली नाही, बसच्या दारात उभी राहिल्यासारखी बाजूला उभी राहिली.

“याला मी पढवलं होतं,” ती म्हणाली. “आम्ही म्हण, असं पढवलं होतं. तेवढंच त्याला जमलं नाही.” हशा झाला, ती थांबली. गर्दीतल्या आवाजाला वाट द्यायची सवय होती तिला. “आता मी म्हणते. मला जमतं. आम्ही कंडक्टर. आम्हाला तुमच्या पगारवाढीचं दुःख नाही. तुम्ही घ्या. पण तुम्ही ड्रायव्हरांनी एक सांगा. सकाळी शाळा, कारखाने, दवाखाने एकदम सुटल्यासारखी माणसं गाडीत शिरतात, तेव्हा दारात अडकलेल्या म्हातारीला कोण वर ओढणार? तुम्ही? स्टिअरिंग कुणाच्या हातात देऊन? ते यंत्र टुंय करेल, हात देईल का? आम्ही आमच्या पोटाचं बोलतोय, खोटं कशाला बोलू. पण गर्दीच्या वेळी आम्ही गाडीवर नसलो तर तुम्ही एकटे पडाल, आणि तेव्हा मागे वळून बघायलाही तुम्हाला वेळ नसेल.”

सुट्टेमामाने पहिल्यांदा मान हलवली.

ड्रायव्हरांत कुजबुज झाली. गर्दीची वेळ काय असते हे त्यांना साहेबांनी सांगायला नको होतं. एक चष्मेवाला ड्रायव्हर उठला. त्याने हळूभाऊच्या हातातला कागद घेतला आणि खणखणीत वाचला, ‘आम्हा चालकांना’सकट. मग म्हणाला, “याच्याखाली एक ओळ घालू. गर्दीच्या वेळी कंडक्टर पाहिजे. त्याशिवाय नवी गाडी आम्ही बाहेर काढणार नाही.” म्हणजेरावाने म्हणजे म्हणजे केलं, पण हात वर झाले. सगळे नाही, पुरेसे. हळूभाऊचाही वर होता, सगळ्यात सावकाश.

दोघं चालतच घरी निघाले.

“तू आपल्याला तुम्ही म्हणालीस,” तो म्हणाला.

“ड्रायव्हरांना म्हणाले.”

“आपण त्यातच होतो.”

“मग काय म्हणू? तू ड्रायव्हरांनो?”

“नाही, बरोबरच आहे.” थोडं चालून तो म्हणाला, “जरा लागलं.”

“मलाही लागलं,” ती म्हणाली. “पण तिथे तुझ्याबरोबर एकात एक होऊन उभी राहिले असते ना, तर माझं कुणी ऐकलंच नसतं. म्हणाले असते, ही त्याचीच.” मग त्याच्या कोपरात हात घालून म्हणाली, “आहेच. पण सभेत नाही.”

घरी बातमी आधीच पोचली होती. सासूबाई दारातच बसल्या होत्या. या वेळी घड्याळाला मध्ये न घेता त्या थेट सुनेला म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून सांगतेय, नवऱ्याला अहो-जाहो कर. आज मुहूर्त लागला, तोही भर सभेत, आणि तोही भांडताना.” आणि तोंडाला पदर लावून अशा हसू लागल्या, की हळूभाऊला त्यांना पाणी द्यावं लागलं.

साहेबांनी ती ओळ मान्य केली, पण अर्धीच. फक्त मोठ्या मार्गांवर, फक्त सकाळी आणि संध्याकाळी. मधली दुपार सरकाताई चौकशीच्या काचेमागे बसते. ती दुपार तिला खायला उठते, हे ती कुणापासूनही लपवत नाही. सुट्टेमामा भांडारात गेला आणि तिथल्या स्क्रूंशी सुट्टं बोलतो. सगळ्यांचं भलं झालं असं कुणी म्हणू नये.

नव्या गाडीचा पहिला सोमवार उजाडला. गाडी चकचकीत, दाराशी यंत्र टुंय टुंय करतंय, आणि चालवायला तोच चष्मेवाला. सरकाताईची ड्यूटी बाजाराच्या थांब्यापासून. ती चढली, तेव्हा तो घामाने निथळत होता, पाठीमागे माणसांची भिंत होती आणि एक बाळ कुठेतरी आत रडत होतं. तिने आत नजर टाकली. ड्रायव्हरला सीट होती, प्रवाशांना सीटा होत्या, यंत्रालाही ठेवायला खास खांब होता. कंडक्टरला बसायला काहीच नव्हतं. गाडी बनवणाऱ्याच्या डोक्यातच ती नव्हती.

चष्मेवाल्याने आरशातून तिला बघितलं. त्याने डाव्या हाताने आपल्या शेजारच्या फळीवरचा डबा उचलला, पाण्याची बाटली उचलली, दोन्ही पायांशी ठेवलं आणि फळीवर हात फिरवून धूळ झटकली.

“ताई, इथे टेका,” तो म्हणाला. “पण आधी त्या बाळाचं बघा.”